ओल बाहेर येईल

१

कपडे वाळवण्यात शिट्टीच्या आईचा हात धरणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं.

शिट्टी म्हणजे तिची आठ वर्षांची लेक. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात बाबांनी ठेवलेलं हेच नाव चालायचं, कारण जरा गारवा, जरा ओल मिळाली की पोरीची छाती वाजायची. आधी एक लांब सूर, मग दोन आखूड. अशा वेळी तिला बोलता यायचं नाही, हाक मारणं तर दूरच. म्हणून मायलेकींचं ठरलेलं होतं, की शिट्टी वाजली की आई येणार. मग आई चुलीपाशी असो नाहीतर अंगाला साबण लावून बसलेली असो, ती आली नाही असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

त्या वर्षी इमारतीच्या दुरुस्तीचं काम निघालं. बाहेरून बांबूच्या परांच्या बांधल्या, त्यांच्यावर निळं प्लास्टिक ताणलं, आणि जिन्याखाली नोटीस लागली की तीन महिने गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. जणू तीन महिने माणसं कपडे मळवणारच नव्हती. वर पावसाळी हवा. घरात दिवसाही निळसर उजेड आणि भिंतींना हात लावला की हात ओला.

डॉक्टरीणबाईंनी तर बजावूनच ठेवलं होतं. "ओले कपडे आणि ही मुलगी एका खोलीत झोपता कामा नयेत. श्वासाचा पंप दप्तरात ठेवा, आणि घर कोरडं ठेवा."

घर कोरडं ठेवा! सांगायला काय जातं? घर म्हणजे बाहेरची खोली, तिथेच दोघी झोपायच्या. मागे स्वयंपाकघर. आणि दोन्हींच्या मध्ये, एका बाजूला, कोठीची अरुंद खोली, खिडकी नसलेली, छताजवळ हाताच्या पंज्याएवढा झरोका. बाबा बंदरावर क्रेन चालवायचे, महिन्यातून एकदा यायचे, आणि त्यांच्या बॅगा या कोठीत पडून असायच्या. आईने त्या पलंगाखाली ढकलल्या, कोठीत आडव्या दोन दोऱ्या बांधल्या आणि कामाला लागली.

तिला वाळलेला कपडा रोज लागायचाच. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची. दोनच पांढरे कोट होते, एक अंगावर आणि एक दोरीवर. दमट कोट घालून गेलं की वरिष्ठ बाई नाक मुरडायच्या. त्यामुळे तिने वाळवण्याचं शास्त्रच केलं होतं. कपडा पिळून झाला की कोरड्या पंच्यात गुंडाळून वरून गुडघ्याने दाबायचा. कोट हँगरवर, पण टिचबटणं सगळी उघडी. खिसे उलटे. दोन कपड्यांत चार बोटं अंतर. पंखा कपड्यांवर नाही, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा फिरते. खाली जुने पेपर. आणि मुख्य म्हणजे दार लावून बाहेरून कडी.

"दार उघडं टाकू नकोस गं," दिवसातून दहादा ती लेकीला सांगायची. "ओल बाहेर येईल."

२

पहिल्याच दिवशी कमाल झाली. सकाळी सातला घातलेले कपडे ती दुपारी दोनला आली तेव्हा खडखडीत वाळलेले. जाड चादरसुद्धा. शिवणीत बोट घालून पाहिलं, तिथेही ओल नाही.

"काय जादू केलीस?" फोनवर बाबांनी विचारलं.

"डोकं लागतं त्याला," ती म्हणाली. "तुझ्यासारखे ओले मोजे पायात घालून वाळवत नाही मी."

आठवड्याभरात शिट्टीची छाती शांत झाली. संध्याकाळी आई तिच्या पाठीला कान लावून ऐकायची, हा रोजचा नेम होता. आत आता नुसता श्वास ऐकू यायचा, स्वच्छ, येणारा आणि जाणारा. आईला इतका आनंद झाला की तिने कोठीच्या दाराला कौतुकाने एक थाप मारली, शाळेत पहिल्या आलेल्या पोराच्या पाठीवर मारतात तशी.

त्यानंतरच्या सोमवारी तिने कोट काढायला हात घातला आणि तो कोमट लागला.

पंख्याचं काम असेल, तिच्या मनात आलं. मग तिने पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. सकाळच्या गडबडीत बटण दाबायचंच राहिलं होतं. खिडकी नाही, ऊन नाही, पंखा नाही, आणि कोट कोमट, तोही सगळीकडे सारखा नाही. काखेत आणि पाठीवर जास्त.

पत्रा तापला असेल वरचा, तिने स्वतःला समजावलं. तिच्या वर आणखी दोन मजले होते, हे तिला ठाऊक होतं. पण दुपारी दोन वाजता, पोटात भूक असताना, माणूस स्वतःशी फार वाद घालत नाही.

३

कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले काका तोंडाचे फटकळ आणि हाताचे साफ. तीस वर्षं इस्त्री करून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. कोट त्यांच्याकडेच जायचे, कारण कॉलर त्यांच्यासारखी कोणाला जमत नसे.

"ताई, एक सांगू? राग नका मानू," कोट टेबलावर पसरत ते म्हणाले. "कपडे अंगावर वाळवत जाऊ नका. छातीत सर्दी बसेल."

आई हसली. "अंगावर कोण वाळवतं काका? दोरीवर वाळवते."

"दोरीवर?" काकांनी मान हलवली. "दोरीवर वाळलेला कपडा सपाट असतो, दोरीची घडी पडते. हँगरवर टांगला तर खांद्याला टोकं येतात. आता हे बघा." त्यांनी बाही उचलून कोपराच्या आतली बाजू दाखवली. तिथे बारीक सुरकुत्या होत्या, पंख्यासारख्या पसरलेल्या. "हात वाकवलेला असताना वाळलाय हा. आणि ही पाठ बघा, कमरेपाशी. बसलेलं कोणीतरी उठलं की अशी पडते. ओला घालून बसल्याशिवाय हे होत नाही. मी बघतो ना रोज, ही पोरं भिजून येतात आणि तशीच बसतात कामाला."

"मीच बसले असेन," आई म्हणाली. का म्हणाली कोण जाणे. लाँड्रीत चार माणसं उभी होती, आणि वेड्यात निघण्यापेक्षा घाणेरडं ठरलेलं बरं वाटलं असेल.

"आणि तिलाही घालू नका," काका म्हणाले.

"कोणाला?"

त्यांनी गठ्ठ्यातून शिट्टीचा गणवेश ओढून काढला. बिनबाह्यांचा निळा पिनो, पांढरा ब्लाउज. ब्लाउजच्या इवल्याशा बाहीवर तोच पंखा उमटलेला. पिनोच्या मागच्या बाजूला मांडी घालून बसल्याच्या घड्या.

"पोरीची छाती नाजूक म्हणता आणि ओला गणवेश घालता अंगात?" काकांनी इस्त्रीवर पाणी शिंपडलं. ते चर्र वाजलं आणि आई दचकली.

तो गणवेश सकाळी सातपासून कोठीत होता. शिट्टी त्या दिवशी दुसरा घालून शाळेत गेली होती.

४

बाईमाणूस घाबरलं की आधी कारण शोधतं. तिला कारण सापडलं, म्हणजे परांचीवरचे कामगार. कोणीतरी आत येत असणार. कशाला, ते पुढचं पुढे. तिने गॅलरीचं दार तपासलं, आतून बोल्ट. खिडक्यांना जाळ्या. कोठीचा झरोका स्टुलावर चढून पाहिला, त्यातून मांजर गेलं असतं तर नशीब. तरीही तिने कोठीच्या कडीला कुलूप घातलं आणि किल्ली लॅबमध्ये नेली. दुपारी कुलूप जसंच्या तसं होतं. कोट कोमट होता, आणि उघडी टांगलेली पाचही टिचबटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

गुरुवारी तिची सुट्टी होती. शिट्टी शाळेत. आईने कपडे कोठीत घातले, दार लावलं, कडी घातली, आणि भर सकाळी दहा वाजता दारासमोर पाट टाकून बटाटे सोलत बसली. स्वतःचंच हसू येत होतं. नवऱ्याला कळलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं.

आत कपडे ठिबकत होते. टप, टप, पेपरवर पडल्याचा आवाज, दोरीखालून, लांबच्या भिंतीकडून. अर्धा तास नुसतं तेच चाललं. तिचे तीन बटाटे झाले. चौथा घेतला आणि हँगरचा आकडा दोरीवरून सरकल्याचा आवाज आला. हवेने होतं असं. पंखा चालू होता आज.

मग टिच.

सुरी तिच्या हातात थांबली. टिच. जरा वेळ गेला. टिच. टिच. ते बटण तिच्या बोटांना इतकं पाठ होतं की आवाजावरून तिला कळत होतं, कोणतं कुठलं. खालून वर लावत होतं ते. पाचवं गळ्याशी लागलं.

आणि मग ठिबकणं हललं.

आधी तिला वाटलं, कान वाजताहेत. पण टप टप खरोखर जागा बदलत होती. भिंतीपासून खोलीच्या मध्यावर आली. तिथे दोन थेंब पडले. मग जवळ. मग आणखी जवळ. शेवटी दाराच्या अगदी पलीकडे येऊन थांबली आणि तिथेच ठिबकत राहिली. आई पाटावर, मांडीत बटाटे, मध्ये एक फळीचं दार. उंबऱ्याखालून पाण्याची एक बारीक रेघ बाहेर आली आणि तिच्या अंगठ्याला लागली. पाणी कोमट होतं.

"कोण आहे?" तिने विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

 आत थेंब सावकाश होत गेले. एक, बऱ्याच वेळाने दुसरा. तासाभराने तेही थांबले. तिने सुरी हातात घेऊन कडी काढली. कोठीत कोणीही नव्हतं. सगळे कपडे दोरीवर, चार चार बोटांच्या अंतराने. दाराजवळचा पेपर भिजून लगदा झाला होता, आणि कोट वाळला होता.

५

त्याच संध्याकाळी तिने कपडे बाहेर काढले, कोठीला कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. दोऱ्या बाहेरच्या खोलीत आल्या. गणवेश खुर्च्यांच्या पाठीवर, मोजे पंख्याच्या जाळीवर, चादर दाराच्या दोन झडपांवर. काहीच वाळेना. दोन दोन दिवस कपडे आंबूस वास मारत लोंबायचे आणि भिंतींवर काळे ठिपके धरायला लागले.

आठव्या दिवशी शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. आई हातातलं पातेलं टाकून धावली.

दहाव्या दिवशी शाळेतून फोन आला. पोरीचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी वाफारा दिला, पाऊण तासाने पुन्हा छाती ऐकली आणि मग आईला बाजूला घेतलं.

"घरात ओल आहे ना? मी सांगितलं होतं तुम्हाला."

"आहे," आई म्हणाली.

"पुढच्या वेळी दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, अशा वेळी दहा मिनिटांचा उशीरही जड जातो."

ते वाक्य आईच्या डोक्यातून गेलंच नाही. जेवताना होतं, रक्त काढताना होतं. रात्रंदिवस ती एकच हिशोब करत होती. कोठीतलं जे काय आहे ते कपडे वाळवतं. दुसरं काही केलंय का त्याने? कोणाला ओरबाडलं नाही, काही पळवलं नाही. घालतं, वाळवतं, परत टांगतं. आणि ओल? ओल तर पोरीचा जीव घेईल.

"अगं, मग ती कोठी वापर ना," बाबा फोनवर म्हणाले. "मस्त वाळत होते की."

"तू आलास की सांगते तुला," ती म्हणाली. "फोनवर सांगण्यासारखं नाहीये."

"उंदीर झालेत का?"

"हो," ती म्हणाली. "तसंच काहीतरी."

शेवटी तिने मधला मार्ग काढला. फक्त आपले कपडे कोठीत घालायचे. आपले कोट, आपले पंचे, चादरी. लेकीचा एक रुमालसुद्धा नाही. पोरीचं इवलंसं काय ते स्वयंपाकघरात शेगडीजवळ वाळेल. आपलं अंग कोणी वापरून पाहिलं तर पाहू दे. ती कोमट कोट अंगात घालायची आणि दात आवळून कामावर जायची. आठवड्यात घर कोरडं झालं. शिट्टीची पाठ पुन्हा शांत. कोठीला कुलूप रोज लागायचं, किल्ली त्याच खिळ्याला असायची, आणि वर आईने तिला चार वेळा शपथ घातली, "कोठीत जायचं नाही. कपडे घेऊन तर अजिबात नाही."

"का?"

"ओल बाहेर येईल."

"पण तुझे कपडे तर पटकन वाळतात तिथे," शिट्टी म्हणाली. पोरं बघत असतात.

६

त्या बुधवारी लॅबमध्ये एक बाई चक्कर येऊन पडल्या आणि आईला निघायला उशीर झाला. साडेतीनला शिट्टीची बस यायची. तिच्याकडे घराची किल्ली होती. आणि साडेतीनच्या सुमाराला आभाळ असं फाटलं की आईला लॅबच्या दारातून समोरचं दुकान दिसेना. ती तशीच निघाली. छत्री उलटी झाली, ती तिने टाकून दिली. वाटेत एकच विचार, पोरगी भिजली असेल, कपडे बदलले असतील ना, पंप घेतला असेल ना.

चार वाजता तिने दार उघडलं. दाराशीच दप्तर पडलं होतं, पाणी निथळणारं. शेजारी भिजलेले बूट. पंप दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात तसाच होता, झाकणासकट.

आणि शिट्टी खुर्चीत बसली होती, कोरडी ठणठणीत.

आईचा जीव भांड्यात पडला. तिने धावत जाऊन पोरीला उचलून घेतलं. केस कोरडे, मोजे कोरडे, गणवेश नुकता वाळलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. अंग कसं छान उबदार. नेहमी हिचे हातपाय गार असायचे.

"भिजली नाहीस तू?"

"भिजले होते," शिट्टी म्हणाली. "वाळले."

आईचं लक्ष फरशीवर गेलं. बाहेरच्या दारापासून ओली पावलं निघाली होती, लहान, मोज्यांची, घाईची. ती खोली ओलांडून स्वयंपाकघरातल्या खिळ्यापाशी आणि तिथून कोठीच्या दारापर्यंत गेली होती. तिथून परत आलेलं एकही ओलं पाऊल नव्हतं.

कोठीच्या दाराला बाहेरून कडी होती. कडीला कुलूप होतं, आणि खिळा रिकामा होता.

आईने रोजचा नेम केला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून केला असेल. तिने पोरीच्या पाठीला कान लावला. आत शिट्टी नव्हती. घरघर नव्हती. ती कान दाबून ऐकत राहिली. येणारा श्वास नव्हता, जाणारा नव्हता. वाळलेल्या सुती कापडाची बारीक सळसळ तेवढी होती.

"किल्ली कुठे आहे?" तिने विचारलं. "किल्ली कुठे ठेवलीस बाळा?"

पोरीने हात सरळ केला आणि आईच्या गळ्यात टाकला. हात सरळ झाला तरी कोपराच्या आतल्या सुरकुत्या गेल्या नाहीत. कातडीवरच होत्या त्या, पंख्यासारख्या पसरलेल्या.

तेवढ्यात कोठीच्या दारापलीकडे, अगदी खाली, उंबऱ्याजवळ, एक लांब सूर निघाला. मग दोन आखूड.

"दार उघडू नकोस आई," गळ्यातली पोरगी तिच्या कानाशी म्हणाली. "ओल बाहेर येईल."

पुन्हा एक लांब. या वेळी आखूड एकच आला.

येते बाळा, आले, असं आईला ओरडायचं होतं. तिने पाऊल उचललं. दप्तर दोन हातांवर होतं, कोठीचं दार चार पावलांवर. पण गळ्याभोवतीचे हात कोरडे होते, उबदार होते, आणि तिने कितीही ओढले तरी सुटत नव्हते.